एक देव, तीन व्यक्ती : ख्रिस्ती त्रैक्यसिद्धांताची प्रस्तावना

देव एकच आहे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन व्यक्तींत तो अनादिकाळापासून आहे. तिघांपैकी प्रत्येक जण पूर्णपणे देव आहे. तरीही पिता म्हणजे पुत्र नव्हे, पुत्र म्हणजे पवित्र आत्मा नव्हे, आणि तिघे मिळून तीन देव होत नाहीत. ख्रिस्ती धर्मातला त्रैक्याचा सिद्धांत एवढ्या मोजक्या विधानांत मावतो. रोमन कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक सर्व प्रॉटेस्टंट पंथ इतर कितीतरी बाबतींत एकमेकांपासून दुरावले, पण या विधानांवर त्यांचे एकमत टिकून आहे. बाप्तिस्मा याच तीन नावांनी दिला जातो. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स घरांत मूल क्रुसाची खूण करायला शिकते, तेव्हा अर्थ कळण्याच्या कितीतरी आधी हीच नावे त्याच्या तोंडी बसतात.

अर्थ विचारला की मात्र मोठी माणसेही अडखळतात. विधाने सुटी घेतली तर प्रत्येक समजते, एकत्र ठेवली की ती परस्परांना छेद देतात असे वाटते. त्यामुळे त्रैक्य म्हणजे एक आणि तीन यांचे न सुटणारे गणित, असा समज पसरतो. हा समज सुरुवातीलाच दूर केला पाहिजे. देव ज्या अर्थाने एक आहे त्याच अर्थाने तो तीन आहे, असे या सिद्धांताने कधीही म्हटलेले नाही. सत्त्वाने एक आणि व्यक्तींनी तीन, अशी त्याची मांडणी आहे. ती पटेल किंवा पटणार नाही, पण तिच्यात उघड विसंगती नाही. खरा प्रश्न वेगळा आहे : एवढी अवघड मांडणी करण्याची गरजच का पडली?

त्याचे उत्तर इतिहासात आहे. आधी उपासना होती, मग तिच्यातून प्रश्न उभे राहिले. प्रश्नांना सोपी उत्तरे दिली गेली, आणि ती उत्तरे उपासनेशी जुळत नाहीत हे ध्यानात आल्यावर एकेक शब्द पारखून परिभाषा घडली. त्या परिभाषेतला जवळजवळ प्रत्येक शब्द कोणत्या ना कोणत्या सोप्या उत्तराला दिलेला नकार आहे. तो नकार कशाला होता हे कळले की शब्दाचे प्रयोजन उलगडते. ते न कळता व्याख्या पाठ केली तर ती पाठांतरापुरतीच उरते.

येशूचे पहिले अनुयायी यहुदी होते. देव एकच आहे, ही ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायातली घोषणा धर्मनिष्ठ यहुदी रोज सकाळ-संध्याकाळ म्हणत असे. त्या एका देवाखेरीज कुणापुढे नमायचे नाही, या निष्ठेपायी ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात, ग्रीक राजा अंतियोखस चौथा याच्या छळात, अनेकांनी प्राण दिले होते. अशा परंपरेत वाढलेली माणसे येशूला क्रुसावर चढवल्यानंतर वीस-पंचवीस वर्षांच्या आत त्याच्या नावाने प्रार्थना करू लागली, त्याला प्रभू म्हणू लागली. इसवी सन 55 च्या सुमारास पौलाने करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायात एक विलक्षण गोष्ट दिसते. यहुदी एकेश्वरवादाच्या घोषणेचा साचा तो घेतो आणि त्याच साच्यात पिता असलेला एक देव आणि एक प्रभू येशू ख्रिस्त अशा दोघांना बसवतो. सारी सृष्टी या प्रभूच्या द्वारे झाली असेही सांगतो. यात आपण एकेश्वरवाद सोडत आहोत अशी जाणीव पौलाच्या लिहिण्यात कुठेही नाही. पहिल्या शतकाच्या अखेरीस योहानकृत शुभवर्तमानाची सुरुवात होते ती सृष्टीच्या आधीपासून देवाजवळ असलेल्या आणि स्वतः देव असलेल्या शब्दापासून, आणि तोच शब्द देहधारी झाला असे ते शुभवर्तमान सांगते. बाहेरच्यांनाही ही उपासना दिसत होती. बिथिनियाचा रोमन सुभेदार धाकटा प्लिनी याने 112 च्या सुमारास सम्राट ट्रेजनला कळवले की हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून त्याची गीते गातात.

पवित्र आत्म्याविषयीचे उल्लेख अधिक विखुरलेले आहेत. यार्देन नदीत येशूचा बाप्तिस्मा झाला त्या प्रसंगी स्वर्गातून पित्याची वाणी येते आणि आत्मा कबुतरासारखा उतरतो. योहानकृत शुभवर्तमानात शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू शिष्यांना दुसरा कैवारी पाठवण्याचे वचन देतो. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस बाप्तिस्म्याची आज्ञा तिन्ही नावांसह येते, आणि करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा शेवट पौल याच तिघांच्या आशीर्वादाने करतो. मात्र ‘त्रैक्य’ हा शब्द बायबलमध्ये कुठेही नाही, आणि एक सत्त्व, तीन व्यक्ती अशी व्याख्याही नाही. योहानाच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात स्वर्गातील तीन साक्षीदार एक आहेत असे सांगणारे वाक्य जुन्या छापील बायबलांत सापडते, पण ते मूळ पत्रातले नाही. प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत ते आढळत नाही. इरॅस्मसने 1516 च्या आपल्या ग्रीक आवृत्तीत ते गाळले आणि टीका झाल्यावर 1522 च्या आवृत्तीत घातले. आजच्या बहुतेक भाषांतरांत ते तळटीपेत गेले आहे. या वाक्यावर सिद्धांत उभा आहे असे मानून त्याचे मंडन किंवा खंडन करणारे दोघेही चुकतात. चौथ्या शतकात ज्या ग्रीक लेखकांनी सिद्धांत घडवला त्यांच्या युक्तिवादात हे वाक्य नव्हतेच.

दुसऱ्या शतकात शब्द शोधण्याचे काम सुरू झाले. अंत्युखियाचा बिशप थियोफिलस याने 180 च्या सुमारास देव, त्याचा शब्द आणि त्याची प्रज्ञा यांना मिळून ग्रीकमध्ये ‘त्रियास’ म्हटले. उत्तर आफ्रिकेतील कार्थेजच्या तर्तुलियनने लॅटिनमध्ये ‘त्रिनितास’ हा शब्द रूढ केला आणि एक सत्त्व व तीन व्यक्ती ही जोडीही वापरली. लॅटिन ख्रिस्ती लेखनाची परिभाषा बऱ्याच अंशी या एका माणसाच्या लेखणीतून आली आहे.

तर्तुलियनचे हे लेखन प्राक्सियस नावाच्या एका शिक्षकाविरुद्ध होते. देव एकच असेल तर पिता, पुत्र आणि आत्मा ही त्या एकाचीच तीन रूपे, असे प्राक्सियसचे म्हणणे होते. पुढे रोममध्ये सबेलियसने हेच मत मांडले आणि त्याचे नाव या विचाराला कायमचे चिकटले. उत्तर आकर्षक आहे, कारण त्यात देवाचे एकत्व पूर्ण शाबूत राहते. आजही पाणी, बर्फ आणि वाफ हे उदाहरण देऊन त्रैक्य समजावणारे शिक्षक नकळत सबेलियसचेच मत शिकवत असतात. पण शुभवर्तमानांतला येशू पित्याशी बोलतो, गेथशेमाने बागेत त्याची विनवणी करतो, त्याच्या इच्छेपुढे स्वतःची इच्छा बाजूला ठेवतो. पिता आणि पुत्र ही एकाचीच दोन रूपे असतील तर ही प्रार्थना केवळ देखावा ठरते. मग क्रुसावर पित्यानेच मरण सोसले असेही म्हणावे लागते. तर्तुलियनने नेमका यावरच हल्ला चढवला.

दुसरे सोपे उत्तर उलट दिशेने आले. येशू हा माणूसच, पण देवाने त्याला आपल्या सामर्थ्याने भरले आणि पुत्र म्हणून स्वीकारले. अंत्युखियाचा बिशप पॉल ऑफ समोसाटा याच्यावर असे मत मांडल्याचा ठपका ठेवून 268 मध्ये तिथल्या धर्मसभेने त्याला पदच्युत केले. तिसरे उत्तर या दोन्हींहून सूक्ष्म होते आणि त्यानेच सारे चर्च हादरले.

अलेक्झांड्रिया या इजिप्तमधील बंदराच्या शहरात आरियस नावाचा एक वयस्कर, विरक्त आणि लोकप्रिय धर्मगुरू होता. 318 च्या सुमारास त्याचे बिशप अलेक्झांडर यांच्याशी जाहीर मतभेद झाले. आरियसचा युक्तिवाद सरळ होता. देव म्हणजे ज्याला दुसऱ्या कशापासूनही उगम नाही तो. पुत्र पित्यापासून झाला, म्हणजे त्याला उगम आहे. तेव्हा पुत्र हा देवाने शून्यातून निर्माण केलेला. तो सर्व सृष्टीच्या आधीचा, सर्वश्रेष्ठ, इतर सारे ज्याच्याकरवी घडले असा, पण तरीही निर्मितीच. आरियसने हे मत पद्यातही रचले होते. त्याला धर्मद्वेष्टा म्हणून रंगवण्याची जुनी सवय अन्यायाची आहे. देवाचे एकमेवपण आणि त्याचे अगम्य वेगळेपण राखण्याची त्याची तळमळ खरी होती. शास्त्रवचनेही त्याच्या बाजूने होती. पिता माझ्याहून थोर आहे असे येशू स्वतः म्हणतो, हे त्याचे अनुयायी सतत दाखवून देत.

324 मध्ये कॉन्स्टंटाइन साऱ्या रोमन साम्राज्याचा एकटा सम्राट झाला तेव्हा हा वाद पूर्वेकडील प्रांतांत पसरला होता. त्याने 325 मध्ये नायसिया येथे बिशपांची परिषद बोलावली. हे गाव आज तुर्कस्तानात असून त्याला इझ्निक म्हणतात. परंपरा 318 बिशपांची संख्या सांगते. प्रत्यक्षात ती त्याहून काहीशी कमी असावी असे अभ्यासक मानतात. बहुतेक सर्व पूर्वेकडचे होते आणि रोमच्या बिशपने दोन धर्मगुरूंना प्रतिनिधी म्हणून पाठवले होते. छळाच्या काळात डोळे गमावलेले, अपंग झालेले काही जण तिथे होते, आणि ज्या सत्तेने तो छळ केला तिचाच सम्राट आता सोन्याच्या आसनावर त्यांच्यात येऊन बसला होता.

परिषदेपुढची अडचण अशी की शास्त्रातला कोणताही शब्द आरियसचे समर्थक आपल्या अर्थाने मान्य करू शकत होते. पुत्र देवापासून आहे असे म्हणावे, तर सारी सृष्टीच देवापासून आहे. म्हणून शास्त्राबाहेरचा एक शब्द घेण्यात आला : ‘होमोऊसियोस’, म्हणजे पित्याशी एकसत्त्व. पुत्र जन्मलेला आहे, घडवलेला नाही, हा भेदही त्याच वेळी स्पष्ट करण्यात आला. जो घडवला जातो तो घडवणाऱ्याहून वेगळ्या जातीचा असतो, जो जन्मतो तो जन्मदात्याच्याच स्वरूपाचा असतो, हा त्यामागचा विचार. मात्र हा जन्म काळात घडलेला नाही. तिसऱ्या शतकातच ओरिजेनने पुत्राच्या अनादी जन्माची कल्पना मांडली होती आणि ती इथे कामी आली. आरियसच्या तर्कातली कळीची पायरी, उगम म्हणजे सुरुवात, ती यामुळे निखळली. पित्यापासून असणे आणि कधीतरी सुरू होणे या दोन गोष्टी वेगळ्या ठरल्या. अखेरीस दोनच बिशपांनी मान्यता नाकारली आणि त्यांना आरियससह हद्दपार करण्यात आले.

वाद तिथे संपला नाही, उलट खरा वाद नंतरच पेटला. ‘होमोऊसियोस’ हा शब्द अनेक सनातनी बिशपांनाही खुपत होता. तो बायबलात नव्हता, त्यातून सबेलियसच्या मताचा वास येत होता, आणि अंत्युखियाच्या सभेने पॉल ऑफ समोसाटाच्या प्रकरणात तो नाकारला होता अशीही आठवण सांगितली जाई. सम्राट बदलले तशी राजाश्रयाची दिशा बदलली. कॉन्स्टँशियस दुसरा नायसियाच्या विरोधकांच्या बाजूने होता, आणि 359-360 मध्ये पश्चिम व पूर्व दोन्हीकडच्या परिषदांना ‘सत्त्व’ हा शब्दच वगळणाऱ्या मसुद्यावर सह्या कराव्या लागल्या. त्रैक्याचा सिद्धांत सम्राटाने लादला, असे आजही सर्रास सांगितले जाते. कॉन्स्टंटाइनने परिषद बोलावली आणि शिक्षा दिल्या हे खरे, पण त्यानंतरची बरीच वर्षे राजसत्ता नायसियाच्या विरोधातच उभी होती, हेही तितकेच खरे.

त्या वर्षांत नायसियाची बाजू ज्याच्या नावाने ओळखली गेली तो अथनेशियस. तो 328 मध्ये अलेक्झांड्रियाचा बिशप झाला आणि 373 मध्ये मरण पावला. या काळात चार सम्राटांनी मिळून त्याला पाच वेळा हाकलले आणि सुमारे सतरा वर्षे त्याने हद्दपारीत किंवा वाळवंटातील संन्याशांच्या आसऱ्याने काढली. स्वभावाने तो करारी होता, वागण्यात कठोरही. पण त्याला जे समजले होते ते फार खोल होते. त्याचा मुद्दा तारणाचा होता. माणसाला देवाच्या जीवनात सहभागी करून घेणे हे तारण असेल, तर ते काम देवच करू शकतो. निर्मित जीव, मग तो कितीही श्रेष्ठ असो, दुसऱ्या निर्मित जीवाला देवापर्यंत नेऊ शकत नाही, कारण तो स्वतःच दरीच्या अलीकडच्या काठावर उभा असतो. ख्रिस्त निर्मिती असेल तर ख्रिस्तात माणसाला देव भेटलाच नाही, फक्त देवाचा दूत भेटला. आणि निर्मितीची उपासना करणे ही तर मूर्तिपूजाच. मग आरियसच्या अनुयायांनी ख्रिस्ताची प्रार्थना कोणत्या तोंडाने करावी? संपूर्ण वादात याहून वजनदार युक्तिवाद दुसरा नाही, आणि सिद्धांताचा गाभाही हाच आहे.

अथनेशियसने एकत्व राखले, पण त्रित्व कसे सांगायचे हे अजून मोकळे होते. नायसियात ‘ऊसिया’ आणि ‘हिपोस्तासिस’ हे दोन ग्रीक शब्द एकाच अर्थाने वापरले गेले होते. त्यामुळे कुणी तीन हिपोस्तासिस म्हणाले की दुसऱ्याला तीन देव ऐकू येत, आणि कुणी एक म्हणाले की सबेलियस. 362 मध्ये अलेक्झांड्रियाच्या एका सभेत अथनेशियसने दोन्ही बाजूंना आपापला अर्थ सांगायला लावले आणि दोघांचा विश्वास एकच असल्याचे मान्य केले. पुढचे काम आजच्या तुर्कस्तानच्या मध्यभागातील कप्पादुकियातल्या तिघांनी केले : कैसरियाचा बिशप बेसिल, त्याचा धाकटा भाऊ निस्साचा ग्रेगरी आणि त्यांचा मित्र नाझियान्झसचा ग्रेगरी. त्यांनी ‘ऊसिया’ हा शब्द एकत्वासाठी आणि ‘हिपोस्तासिस’ तिन्ही व्यक्तींसाठी ठरवून दिला. तिघांत वेगळे काय, तर केवळ परस्परसंबंध : पिता अजन्मा, पुत्र पित्यापासून जन्मलेला, आत्मा पित्यापासून निघणारा. बाकी सामर्थ्य, ज्ञान, इच्छा, महिमा सारे एकच.

त्यांच्यापुढे आणखी एक गट होता. पुत्राचे देवत्व मानणारे पण पवित्र आत्म्याला सेवकाच्या जागी ठेवणारे लोक. बेसिलने उपासनेत पिता, पुत्र आणि आत्मा यांना एकाच पातळीवर गौरव देणारी प्रार्थना वापरली म्हणून त्याच्यावर आक्षेप आला, आणि त्याला उत्तर म्हणून 375 च्या सुमारास त्याने पवित्र आत्म्यावर ग्रंथ लिहिला. बाप्तिस्मा तिघांच्या नावाने होत असेल तर तिघांपैकी एक जण निर्मित आणि दोन देव असे कसे चालेल, हा त्याचा प्रश्न होता. प्रार्थनेची पद्धत ही विश्वासाची साक्ष, असा हा युक्तिवाद आहे. 381 मध्ये सम्राट थियोडोशियसने कॉन्स्टँटिनोपल येथे बोलावलेल्या परिषदेत आत्म्याविषयीचा भाग विस्तारला गेला. आज जगभर म्हटला जाणारा ‘नायसियाचा विश्वासांगीकार’ प्रत्यक्षात या दुसऱ्या परिषदेशी जोडलेला आहे. विशेष म्हणजे आत्म्यासाठी ‘एकसत्त्व’ हा शब्द तिथे मुद्दाम टाळला गेला. पिता आणि पुत्राबरोबर त्याचीही उपासना होते, एवढेच म्हटले गेले, आणि तेवढे पुरेसे होते.

पेत्र, याकोब, योहान या तिघांचे मनुष्यत्व एक असूनही आपण त्यांना तीन माणसे म्हणतो. मग तीन देव का म्हणायचे नाहीत? निस्साच्या ग्रेगरीने अब्लाबियस नावाच्या तरुणाला याचे उत्तर लिहिले. तीन माणसे एकच काम करतात तेव्हाही त्यांची कामे तीनच असतात. प्रत्येकाचा हात वेगळा, इच्छा वेगळी. देवाच्या बाबतीत तसे नाही. सृष्टी, तारण, पावित्र्य यांतले प्रत्येक कार्य पित्यापासून सुरू होते, पुत्राच्या द्वारे पुढे जाते आणि आत्म्यात पूर्ण होते, पण ते कार्य एकच असते. कामाची वाटणी नाही, म्हणून देवांची संख्याही नाही.

मराठी वाचकाला त्रैक्य हा शब्द ऐकताच ब्रह्मा, विष्णू, महेश आठवणे स्वाभाविक आहे. दत्ताची तीन शिरे घरोघरच्या तसबिरींत आहेत, आणि घारापुरीच्या लेण्यातील तीन मुखांच्या शिल्पालाही दीर्घकाळ त्रिमूर्ती म्हटले गेले, जरी ते सदाशिवाचे असल्याचे आता अभ्यासक मानतात. तुलना करायला हरकत नाही, पण निस्साच्या ग्रेगरीचे उत्तर समोर ठेवून करावी. उत्पत्ती, स्थिती आणि लय अशी कार्याची विभागणी हा त्रिमूर्तीच्या कल्पनेचा कणा आहे, तर कार्याची विभागणी नसणे हा त्रैक्याचा. पिता निर्माता, पुत्र तारणारा आणि आत्मा पावन करणारा, असे ख्रिस्ती लोकही बोलतात. पण ती बोलण्याची सोय झाली, सिद्धांत नव्हे. शिवाय त्रैक्यातली नावे कार्याची नाहीत, नात्याची आहेत. पिता हा पुत्राचा पिता आहे. सृष्टी नसती तरीही तो पिता असता.

लॅटिन जगात हा विचार ऑगस्टीनने पुढे नेला. ‘त्रैक्याविषयी’ हा त्याचा पंधरा खंडांचा ग्रंथ पाचव्या शतकाच्या पहिल्या दशकांत हळूहळू लिहिला गेला. पहिल्या भागात तो शास्त्रवचने तपासतो. उत्तरार्धात तो मनुष्याच्या मनाकडे वळतो, कारण माणूस देवाच्या प्रतिरूपात घडलेला असेल तर त्या प्रतिरूपात त्रैक्याची काही खूण सापडली पाहिजे. स्मृती, बुद्धी आणि इच्छा ही तिन्ही वेगळी, तरी एकाच मनाची, आणि प्रत्येकीत बाकीच्या दोघी सामावलेल्या. प्रेम करणारा, ज्याच्यावर प्रेम आहे तो आणि स्वतः प्रेम, हे त्याचे दुसरे त्रिक. ही उदाहरणे पुढे इतकी गाजली की ऑगस्टीनने ग्रंथाच्या अखेरीस ती अपुरी असल्याचे सविस्तर दाखवले आहे याचा विसर पडला. ‘व्यक्ती’ या शब्दाबद्दलही त्याला समाधान नव्हते. तीन काय, असे कुणी विचारले तर अगदीच गप्प राहू नये म्हणून हा शब्द वापरायचा, असे तो म्हणतो. आजच्या वाचकाने हा इशारा लक्षात ठेवावा. व्यक्ती म्हटले की आज स्वतंत्र मन, स्वतंत्र इच्छा आणि स्वतंत्र आयुष्य असलेला माणूस डोळ्यांपुढे येतो; जुन्या परिभाषेत तो अर्थ नव्हता. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने तो मुद्दा टोकाला नेला. त्याच्या मते देवाच्या ठायी व्यक्ती म्हणजे स्वतः अस्तित्व असलेला संबंध. पुत्राजवळ पुत्रत्व आहे असे नव्हे, पुत्रत्व हेच त्याचे वेगळेपण आहे.

पवित्र आत्मा पित्यापासून निघतो की पिता आणि पुत्र या दोघांपासून, हा प्रश्न ऑगस्टीनच्या विचारसरणीतून पश्चिमेत रुजला. 381 च्या मूळ मजकुरात फक्त पित्याचा उल्लेख आहे. स्पेनमध्ये सहाव्या शतकापासून ‘आणि पुत्रापासून’ असा अर्थ असलेला ‘फिलिओक्वे’ हा लॅटिन शब्द आरियसच्या मताला तोंड देण्यासाठी रुळला. नवव्या शतकाच्या प्रारंभी पोप लिओ तिसरे यांनी त्यामागचे मत मान्य केले, पण मजकुरात भर घालायला नकार दिला, आणि मूळ मजकूर चांदीच्या पत्र्यांवर कोरून रोममध्ये लावला. 1014 मध्ये मात्र रोमनेही तो शब्द स्वीकारला. ऑर्थोडॉक्स परंपरेच्या दृष्टीने यात दोन अपराध होते : पिता हाच देवत्वाचा एकमेव उगम आहे या समजुतीला धक्का, आणि सर्व चर्चच्या परिषदेचा मजकूर एकतर्फी बदलणे. 1054 च्या फुटीतल्या कारणांत हे एक होते. 1439 मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेत झालेला समेट टिकला नाही. केरळातील मलंकरा ऑर्थोडॉक्स चर्च आजही तो शब्द म्हणत नाही.

सिद्धांत नाकारणाऱ्यांचा इतिहासही त्याचाच भाग आहे. यहुदी धर्माने तो कधी मानला नाही. इस्लामने देवाला पुत्र असू शकतो ही कल्पनाच फेटाळली, आणि त्याला उत्तर देताना अरबी भाषेत लिहिणाऱ्या ख्रिस्ती पंडितांनी त्रैक्याची नवी मांडणी केली. युरोपात स्पेनच्या मिगेल सर्व्हेटसने 1531 मध्ये त्रैक्याच्या चुका दाखवणारे पुस्तक लिहिले. 1553 मध्ये कॅल्विनच्या जिनिव्हात त्याला जिवंत जाळण्यात आले. देवाच्या प्रेमाचे वर्णन म्हणून घडलेल्या सिद्धांतासाठी माणूस जाळला गेला, हा डाग कोणत्याही स्पष्टीकरणाने पुसला जात नाही. पोलंड, ट्रान्सिल्व्हेनिया आणि नंतर इंग्लंड-अमेरिकेत एकेश्वरवादी अर्थात युनिटेरियन चळवळ वाढली. तिचे धागे भारतापर्यंत आले. राममोहन रॉय यांनी 1820 मध्ये येशूच्या उपदेशांचे संकलन प्रसिद्ध केले तेव्हा बंगालमधील श्रीरामपूरच्या जोशुआ मार्शमन यांच्याशी त्यांचा मोठा वाद झाला, आणि विल्यम ॲडम हे बाप्टिस्ट मिशनरी त्रैक्य सोडून राममोहन यांच्या बाजूला गेले. प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते विठ्ठल रामजी शिंदे 1901 ते 1903 या काळात ऑक्सफर्डच्या ज्या मँचेस्टर कॉलेजात शिकले, ते युनिटेरियन परंपरेचेच होते.

पंडिता रमाबाईंची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण शिकवलेले सारे त्यांनी मान डोलावून स्वीकारले नाही. ख्रिस्ताचे देवत्व आणि त्रैक्य यांविषयीच्या शंका त्यांनी वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात उघडपणे मांडल्या. संस्कृत शास्त्रांत मुरलेल्या या बाईंना वचनाचा आधार मागण्याची सवय होती, आणि चर्चचा अधिकार आहे म्हणून माना, हे उत्तर त्यांना पुरत नव्हते. पुढे त्यांनी केडगावला मुक्ती मिशन उभारले आणि मूळ भाषांवरून संपूर्ण बायबल मराठीत आणण्यात आयुष्याची अखेरची वर्षे घालवली. चौथ्या शतकातले प्रश्न एका मराठी बाईने स्वतःच्या बुद्धीने पुन्हा विचारले, याचे महत्त्व त्रैक्याच्या इतिहासात कमी लेखू नये.

भारतीय भाषांत ही कल्पना आणण्याचे प्रयत्न त्याआधीच सुरू झाले होते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ गोव्यातील रायतूर येथे 1616 मध्ये छापले गेले, आणि मराठी ओवीच्या रीतीप्रमाणे त्याचा आरंभ देवाला नमन करून होतो. मात्र ते नमन देव बापाला, म्हणजे पित्याला आहे. बंगालमध्ये केशवचंद्र सेन यांनी 1882 च्या व्याख्यानात त्रैक्याची सांगड सच्चिदानंदाशी घातली. ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी ती धरून 1898 मध्ये सच्चिदानंदाला वंदन करणारे संस्कृत स्तोत्र रचले. सत् म्हणजे पिता, चित् म्हणजे शब्दरूप पुत्र, आनंद म्हणजे पवित्र आत्मा. ही मांडणी अतिशय सुंदर आहे, आणि 1950 मध्ये कावेरीकाठी स्थापन झालेल्या सच्चिदानंद आश्रमाने तिच्यावर साधनेचा एक मार्ग उभा केला. तिच्यातली जोखीमही लपलेली नाही. सत्, चित् आणि आनंद हे एकाच ब्रह्माचे स्वरूप आहे. त्यांच्यात एकमेकांशी बोलणे नाही, देणे-घेणे नाही. नात्याची बाजू सुटली तर सबेलियसचा मार्ग पुन्हा उघडतो. उपाध्यायांना हे माहीत होते, म्हणूनच त्यांच्या स्तोत्रात पिता आणि पुत्र ही नाती स्वच्छपणे येतात.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतल्या युरोपीय धर्मशास्त्राला त्रैक्य जड ओझे वाटू लागले होते. श्लायरमाखरने आपल्या मुख्य ग्रंथात ते अगदी शेवटी टाकले. 1932 मध्ये कार्ल बार्टने आपल्या महाग्रंथाच्या पहिल्याच भागात ते सर्वांत आधी आणले. देव स्वतःला प्रकट करतो या एका वाक्यातच प्रकट करणारा, प्रकटन आणि त्याचा परिणाम असे तिघे आहेत, असे त्याचे प्रतिपादन होते. कॅथलिक विचारवंत कार्ल राहनर यांनी 1967 मध्ये खंत व्यक्त केली की बहुतेक ख्रिस्ती लोक व्यवहारात निव्वळ एकेश्वरवादीच असतात. उद्या हा सिद्धांत खोटा ठरला तरी त्यांच्या भक्तिग्रंथांत फारसा बदल करावा लागणार नाही. तारणाच्या इतिहासात जसा देव दिसतो तसाच तो स्वतःच्या ठायी आहे, हे त्यांचे सूत्र नंतरच्या साऱ्या चर्चेचा पाया झाले. युर्गेन मोल्टमान यांनी 1980 मध्ये आणि जॉन झिझिउलास यांनी 1985 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत तिन्ही व्यक्तींच्या सहजीवनावर भर आहे. मोल्टमान यांनी त्यातून समतेवर आधारलेल्या समाजाची प्रेरणा घेतली. या प्रवाहाला 2000 मध्ये कॅरन किल्बी यांनी महत्त्वाचा आक्षेप घेतला : समाजाविषयीच्या आपल्या आवडत्या कल्पना आधी देवावर चढवायच्या आणि मग देवाकडून आलेली शिकवण म्हणून त्या परत घ्यायच्या, असे इथे होत आहे. सिद्धांताने देवाच्या अंतरंगाचे चित्र रेखाटावे की केवळ शास्त्र आणि उपासना यांविषयी नीट बोलण्याचे नियम घालून द्यावेत, हा वाद त्यामुळे उभा राहिला, आणि आजच्या त्रैक्यविषयक लेखनाचा मोठा भाग त्याच प्रश्नाभोवती फिरतो आहे.